नऊ नंबरच्या चौघी

नाही, पण मी म्हणते, माणसाने एकटं असणं हा काय गुन्हा आहे का हो? जिथे जावं तिथे तोच प्रश्न! बसमध्ये चढले, कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणतो, "एकट्याच?" टॅक्सीत बसले, टॅक्सीवाला आरशातून बघत म्हणतो, "एकट्याच?" चहावाल्याला म्हटलं, एक चहा, तर तो माझ्या मागे बघतो, बाजूला बघतो, जणू माझ्या पदराआड कुणी लपलंय... "एकच?" अरे बाबा, एका माणसाला किती चहा लागतो?

आणि तुम्हाला सांगते, मी एकटी जाणार नव्हतेच मुळी! आम्ही चौघी जाणार होतो. चौघी म्हणजे हॉस्पिटलातल्या. एक रेकॉर्डवाली, एक एक्सरेवाली, एक कॅशवाली आणि मी बोर्डवाली. बोर्ड म्हणजे टेलिफोनचा. सव्वीस वर्षं कानाला ते यंत्र लावून बसले, "नमस्कार, थांबा हं, जोडून देते..." अख्ख्या गावाला एकमेकांशी जोडून दिलं! मग त्यांनी एक मशीन आणलं. ते म्हणतं, डॉक्टरांसाठी एक दाबा, चौकशीसाठी दोन दाबा. आणि मला म्हणाले, बाई, तुम्ही आता आराम करा. निरोपाच्या दिवशी या तिघी गळ्यात पडून रडल्या आणि तिथल्या तिथे ठरलं की चौघींनी आठ दिवस कुठेतरी जायचं. तळ्याकाठी एक गेस्ट हाऊस आहे म्हणे, तिथे चार पलंगांची मोठी खोली. मीच फोन करून ठरवली. फोन करणं माझ्याकडेच!

निघायच्या आदल्या दिवशी रेकॉर्डवालीचा फोन, तिचा तो घोगरा आवाज, "अगं, सुनेला कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधीच!" बरं, ते काय कुणाच्या हातात असतं? संध्याकाळी एक्सरेवाली, "ह्यांची कंबर धरली गं, वाकता येत नाही की उठता येत नाही." जन्मभर लोकांची हाडं बघितली या बाईने आणि नवऱ्याची कंबर नेमकी आत्ताच धरायची! आणि कॅशवाली? मी बसमध्ये बसलेय, शेजारी तिच्यासाठी रुमाल टाकलाय, आणि तिचा फोन... "आपण दोघीच ना आता? दोघींत काय मजा गं?" अगं, पण मी बसलेय! "मग तू ये ना जाऊन, मस्त मजा कर!"

आता तुम्ही म्हणाल, उतरायचं की खाली. उतरणारच होते. घरी फोन केला. घर म्हणजे भावाचं. लग्नबिग्न काही केलं नाही मी, भावाकडेच मागची खोली आहे माझी. फोन वहिनीने घेतला. "अहो वन्सं, तुम्ही आठ दिवस नाही म्हणून मी माझ्या आईबाबांना बोलावलं, तुमच्या खोलीत त्यांचं सामानही लावून झालं... आता तुम्ही आलात तर..." चांगली आहे हो ती, वाईट नाही. पण तेवढ्यात बस सुटली आणि मी बसून राहिले.

मग पुतणीचा फोन. ती हल्ली मन शांत ठेवण्याचा कसला तरी कोर्स करतेय. "आत्या, घाबरायचं नाही! एकटं वाटलं ना, की दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, लांब श्वास घ्यायचा आणि आजूबाजूच्या पाच वस्तू मोजायच्या. म्हणजे मन थाऱ्यावर येतं." ठीक आहे, म्हटलं.

पोचले. काउंटरवर एक किडकिडीत गृहस्थ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुढ्यात जाडजूड रजिस्टर. माझ्याकडे बघतो, दाराकडे बघतो, पुन्हा माझ्याकडे. "एकट्याच?"

काय झालं मला कोण जाणे. बोलून गेले, "येतायत मागून."

आता हे का बोलले? अहो, सवय! सव्वीस वर्षं तेच केलं ना! डॉक्टर जागेवर असोत नसोत, लाइनवरच्या माणसाला सांगायचं, थांबा हं, येतायत. त्याने रजिस्टरात लिहिलं, खोली नंबर नऊ, चार.

खोलीत शिरले. लांबलचक खोली, चार पलंग एका रांगेत, चार उशा, चार टॉवेल, ट्रेमध्ये चार कप उपडे. जनरल वॉर्ड बघून घ्या! आणि इतकी शांतता की माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. म्हटलं, चला, पुतणीचा उपाय करू. पाय टेकवले, श्वास घेतला, वस्तू मोजल्या. पलंग... पलंग... पलंग... पलंग... आणि पाचवी मी! आलं का मन थाऱ्यावर? हुंदकाच आला!

आणि तुम्हाला सांगते, खोटं बोलणं सोपं असतं हो, ते सांभाळणं म्हणजे पूर्णवेळ नोकरी! सकाळी नाश्त्याला गेले तर टेबलावर चार बशा. काउंटरवाला हात चोळत उभा. "बाकीच्या?" म्हटलं, उशिरा पोचल्या, झोपल्यात. "मग त्यांचा नाश्ता वर पाठवू?" नको नको, मीच नेते! आणि सहा टोस्ट, तीन ऑम्लेटं घेऊन जिना चढले. टाकून कसं द्यायचं? लहानपणापासूनची शिकवण, ताटात टाकायचं नाही. खाल्लं सगळं. दुपारी पोट धरून बसले.

मग खोली आवरायला बाई यायची. ती यायच्या आधी मी उठून एकेका पलंगावर लोळायचे, चादरी चुरगळायचे, उशांना खड्डे पाडायचे. चारही कप वापरायचे. चार टॉवेल ओले करायचे. दमून जायचे! माणूस आराम करायला येतो की काय?

दुसऱ्या दिवशी काय झालं, बाई बाहेर व्हरांड्यात झाडत होती. तिला वाटायला नको का आत माणसं आहेत म्हणून? म्हणून मी आपलं जरा बोलले. घोगऱ्या आवाजात, "अगं, सुनेचं काही कळलं का?" मग बारीक आवाजात, "कंबरेला शेक दे म्हणावं ह्यांच्या." मग कॅशवालीच्या तोऱ्यात, "काय मजा आहे गं इथे!" आवाज काढण्यात माझा हात कोण धरणार? तासभर आमच्या चौघींच्या गप्पा झाल्या. हसलो काय, भांडलो काय, एकमेकींची उणीदुणी काढली काय... आणि मग सहज दार उघडलं तर व्हरांडा रिकामा. बाई झाडून कधीच निघून गेली होती.

मी दार लावलं... आणि पुढे बोलत राहिले.

हसू नका. तुम्हीही बोलला असता.

असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी सकाळी ती आगीची घंटा झाली! काय ती घंटा, कानठळ्या! जो तो जिन्याकडे पळाला, मीही पर्स घेऊन खाली अंगणात. आग कसली, स्वयंपाक्याचे टोस्ट करपले होते. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक? काउंटरवाला रजिस्टर छातीशी धरून मोजतोय. "सात नंबर, दोन, आहेत. आठ नंबर, तीन, आहेत. नऊ नंबर, चार..." आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "बाई! बाकीच्या तिघी?"

तो ओरडला, "तिघी आत अडकल्या!" झालं! स्वयंपाकी डोक्यावर ओला पंचा टाकून धावला आत. मी म्हणतेय, "थांबा! कुणी नाहीये वर! कुणी नाहीच!" तर आठ नंबरच्या बाईंनी मला मिठीच मारली. "धक्का बसलाय हो यांना... धीर धरा, वाचतील तुमच्या मैत्रिणी!" अहो, मला सोडा! "रडून घ्या, रडून घ्या..."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून स्वयंपाक्याचं डोकं बाहेर आलं. "पलंग रिकामे! खिडकी सताड उघडी! तिघींनी उड्या मारल्या!"

सगळं गेस्ट हाऊस मागच्या बाजूला पळालं. झुडपं बघतायत, एक जण तर विहिरीत वाकून हाका मारतोय, "ओ ताई! ओ ताई!" शेवटी मी सगळा जीव एकवटून ओरडले, "अहो, तिघी आल्याच नाहीत! पहिल्या दिवसापासून मी एकटीच आहे!"

घंटाही नेमकी तेव्हाच बंद पडली. सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. काउंटरवाला जवळ आला, अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे... एकट्याच?"

हो रे बाबा, हो!

रागावला नाही तो. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने रजिस्टर उघडलं, चाराच्या आकड्यावर रेघ मारली, वर बारीक अक्षरात एक लिहिलं आणि मान खाली घालून आत निघून गेला.

मी वर जाऊन बॅग भरायला लागले. तर आवरणारी बाई आली. म्हणाली, "बसू का जरा?" आणि दुसऱ्या पलंगावर टेकली. "आठ वर्षं ही खोली आवरते, पण बसले कधी नव्हते." मग म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चार कप आणि दात घासायचा ब्रश एकच!" मी म्हटलं, "अहो, मग बोलला का नाहीत?" तर म्हणे, "तुम्ही आत बोलत होता ना... म्हटलं, बोलू दे. मीही घरी गेले की रेडिओशी भांडते." आणि मग हळूच विचारते, "त्या घोगऱ्या आवाजाच्या बाई आहेत ना... त्यांच्या सुनेला शेवटी काय झालं?"

आता काय सांगू? मलाच कुठे माहीत होतं! तिच्यासमोरच फोन लावला. रेकॉर्डवालीने उचलला, मागे हा गलका! "अगं, मुलगी झाली, त्याच रात्री! तुला कळवायचं राहिलंच बघ! आम्ही तिघी इथेच आहोत, बाळाला बघायला जमलोय, आत्ता तुझीच आठवण काढत होतो..." मागून एक्सरेवालीचा आवाज आला, कॅशवालीचा आला... मी म्हटलं, "छान झालं. बाळाला माझा पापा दे." आणि लाइन तोडली. फोन ठेवायची सवय आहे मला.

"मुलगी," मी सांगितलं. "मुलगी!" बाईच्या तोंडावर इतका आनंद, जणू तिचीच नात. उठून चहा घेऊन आली. दोन कप. आणि मग मी बॅग पुन्हा सोडली, राहिलेले तीन दिवस राहिले. तिचं काम आटोपलं की आम्ही तळ्यापर्यंत जायचो. ती फार बोलत नसे. मीही नाही बोलले फारसं. बोलायची गरजच वाटली नाही, आता बोला!

परत निघाले. बसमध्ये खिडकीची जागा धरली होती, मुद्दाम. एक बाई चढल्या, मागे त्यांचं सगळं लटांबर, डबे, पिशव्या, हसणं-खिदळणं. माझ्यापाशी थांबल्या आणि आलाच प्रश्न... "एकट्याच?"

आणि तुम्हाला सांगते, या वेळी मी मान ताठ करून, खणखणीत आवाजात, सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं, "हो! एकटीच!"

"बरं झालं बाई!" त्या म्हणाल्या. "मग जरा मागे बसता का? आम्हाला सगळ्यांना एकत्र बसायचंय."

उठले. काय करता? अगदी मागे, शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मोठ्या मायाळू हो त्या, एवढ्या गर्दीतून वळून विचारलं, "नीट मिळाली ना जागा?"

म्हटलं, "हो... अगदी ऐसपैस."