सोपानअण्णांना बोलायची रीत नव्हती

रामराम मंडळी. परवा सकाळी सोपानअण्णा गेले. लोहाऱ्यातली, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची एवढी माणसं हातातली कामं टाकून आलीत. वहिनी समोर बसल्यात. बोलणं जड जातंय मला. अण्णांच्या जोडीला सोसायटीत नोकरीला होतो मी, जिंदगीभर ह्याच तोंडावर पोट भरलं.

आत्ता चेअरमनसाहेब बोलले. अण्णा म्हणजे आपल्या सोसायटीच्या विक्रीचा आदर्श. अण्णांची जीभ म्हणजे साखर. गिऱ्हाइकाला त्यांनी कधी न्हाय म्हटलं न्हाय. साहेब, कुणाबद्दल बोलत होता तुमी? मयत कोण झालंय, ते तरी विचारून यायचं.

अण्णा गोड नव्हते. बियाण्याच्या खिडकीवर बसले की कपाळाला आठी. ह्या माणसाला बोलायची रीत न्हाय, असं तुमीच म्हणाला होता की, साहेब. सगळ्यांच्या देखत म्हणाला होता.

जुन्या माणसांना आठवत असंल. बहात्तरचा दुष्काळ सरत आलेला. घरातलं बीसुद्धा लोकांनी खाऊन संपवलेलं. सगळ्यांची नजर सोसायटीतल्या हायब्रीड ज्वारीवर. आन तेवढ्यात वरून एक साहेब आला, आमाला माणसं जोडायची कला शिकवायला. तीन दिवस, शाळेच्या खोलीत. गिऱ्हाइकाचं नाव घ्या. खांद्यावर हात ठेवा. घरचं विचारा. हसा. आन 'न्हाय' हा शब्द तोंडातून काढू नका. बाहेर दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती आन आमी आत हसायला शिकत होतो!

चेअरमनसाहेबांनी तर वही केली. कुणाच्या बैलाचं नाव काय, तेसुद्धा लिहून घेतलं. केवढी हुशारी! बाबूराव खिडकीशी आले, तशी खांद्यावर हात टाकून विचारलं, "काय बाबूराव, सर्ज्या काय म्हणतोय?" कडबा न्हाय म्हणून आठ दिवसांमागंच त्या माणसानं सर्ज्या बाजारात विकला होता. "बरा हाय जी," म्हणाले बाबूराव, आन भिंतीकडं तोंड केलं. वरून आलेला साहेब आमाला डोळ्यानं खुणावतोय, बघा, कसा माणूस जोडला!

अण्णा जागेवरून उठले. म्हणाले, "बाबूराव, पेरणी कुणाच्या बैलावर करणार? ते आदी सांगा. बी कुठं पळून जात न्हाय." हसले न्हायत. घरचं विचारलं न्हाय. सांजच्याला चालत जाऊन बाबूरावांसाठी आपल्या पाव्हण्याची बैलजोडी ठरवून आले.

अण्णांची एक खोड होती. नवं बियाणं आलं की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आन चार दिवसांनी सोडून बघायचे. त्या साली गोणपाट सोडलं, तर निम्म्या दाण्यांनासुद्धा मोड नव्हता. झालं! खिडकीवर येईल त्याला अण्णा सांगायला लागले, "उगवत न्हाय. घेऊ नका. माल परत जाऊ द्या."

दुपारपर्यंत अण्णांची बदली मागच्या गोदामात. खिडकीवर मी. का? मी गोड बोलायचो, चेअरमनसाहेबांच्या भावकीतला होतो, आन अण्णा पडले बौद्धवाड्यातले. त्यांच्या बाजूनं उठून कोण बोलणार होतं?

दोन दिवसांत सगळं बी खपलं. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. लई शोभली बघा ती शाल मला. आन उगवलं काय? दुबार पेरणीला कोण कोण झुरलं, ते विचारायला नको, तोंडं दिसतायत मला इथनं. "आमाला काय ठाऊक, माल वरून आला," असं आमी एका सुरात सांगितलं. अण्णांना खिडकी परत मिळाली न्हाय. रिटायर होईपर्यंत पोती रचली त्यांनी.

काशिनाथतात्या, तुमी पुढंच बसलाय. तुमी त्या दिवशी खिडकीशी येऊन विचारलं होतं, "लेका, उगवंल ना?" म्या तुमचा हात हातात घेतला. लेकीचं विचारलं, बाळंतपण नीट झालं का म्हणून. मग म्हणालो, "तात्या, डोळं झाकून पेरा." तुमी खुशीत गेलात. तुमच्या रानात काय उगवलं न्हाय. तुमी बायकोला घेऊन परत खडीच्या कामावर गेलात.

मला ठाऊक होतं, तात्या. अण्णांनी ते गोणपाट माझ्यासमोर सोडलं होतं.

इतकी वर्षं हे माझ्या तोंडातून निघालं न्हाय. अण्णांनीबी कुणाला सांगितलं न्हाय. एकदा म्याच विचारलं, अण्णा, माझं नाव का घेत न्हाय तुमी? म्हणाले, "ते तुझं तू सांगायचं. मी सांगून काय उपयोग?" मग मी वाट बघत बसलो. कशाची, ते मलाच ठाऊक न्हाय. भित्रा माणूस मी, दुसरं काय! आन आज सांगतोय, तर ऐकायला अण्णा न्हायत.

चेअरमनसाहेब, उठू नका. माईक आता कुणाला मिळायचा न्हाय. तात्या, सभा संपली की मी तुमच्या दारात येतो. बोलायचं ते बोला, मारायचं तर मारा. पण आदी अण्णांसाठी सगळ्यांनी उभं राहा. दोन मिनिटं कुणीच काय बोलू नका. मीबी न्हाय.

अण्णा, गोदामाच्या दारातनं तुमी मोठ्यानं सांगत होता, "घेऊ नका." मला ऐकू आलं होतं. जय भीम.