वर्गातली सातवी

औषधाच्या दुकानात टिली रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या दोघी तिच्याच वर्गातल्या मुलांच्या आया होत्या. त्यांचं मागे लक्ष नव्हतं.

"गणिताला अवघी सात पोरं. बोर्डाच्या पेपरात सगळ्या वर्गाचं जे होईल, त्यावरून सगळ्यांचेच शाळेतले गुण वर चढवतात, नाहीतर खाली ओढतात."

"म्हणजे त्या सातव्या पोरीपायी माझ्या रोरीचं सिडनीचं मेडिकल बोंबलणार?"

"फुकट शिकवणी लावून दिली, घरी लझान्याचा डबा पोचवला. पण डोक्यात काही शिरेल तर शपथ!"

"आणि ती पेपरला आलीच नाही तर?"

"मग तिला हिशेबातच धरत नाहीत."

"सायकलनं येते ना गं ती? नदीवरच्या पुलावरून?"

"हो. एकटीच."

"बिचारी."

काउंटरवरून हाक आली. "टिली, तुझ्या आईच्या गोळ्या!"

दोघी वळल्या. एकदमच हसल्या.

"अगं बाई, टिली! केव्हाची उभी आहेस? लझान्या आवडला ना?"

"हो."

"सोमवारी सायकल काढू नकोस हं," रोरीची आई म्हणाली. "पेपरला मीच नेईन तुला गाडीतून."