गच्चीवरच्या बागेचा कोबा

—नाही, ती पिशवी टेबलावर नको, खाली ठेवा. डांबराचा वास लाकडात मुरतो, आणि मग आठ दिवस वरणभातालाही तोच वास येतो. आणि मला मावशी म्हणू नका, त्र्यंबकराव. तुम्ही कंपनीचे एजंट, मी या घराची मालकीण. एवढं नातं पुरेसं आहे. माझ्या श्रीपादनंच पाठवलं ना तुम्हाला? वाटलंच. त्याला स्वतः यायला मुंबईहून लोणावळा फार लांब, तुम्हाला पाठवायला मात्र अगदी जवळ. बसा. चहा घ्या.

माहितीपत्रक राहू द्या, वाचलंय मी. मॅट्रिक झाले आहे, इंग्रजी येतं मला—आणि खोटं तर कुठल्याही भाषेत ओळखता येतं. 'डांबरी कागद अंथरा, वर खुशाल बाग करा, खाली थेंब येणार नाही.' थेंब! मान वळवा आणि त्या दारातून छताकडे पाहा. आत जाऊ नका, सून झोपली आहे. दिसला डाग? मध्ये काळा, कडेला हिरवट, आणि जवळून पाहाल तर केसाळ—भिजलेल्या कुत्र्याच्या पाठीसारखा. शी! आषाढापासून ती बुरशी इंदिरेच्या डोक्यावर वाढते आहे. पलंग सरकवला, तर डागही मागोमाग सरकला. चुना फासला, तर चुन्यातून वर आला. अंथरुणाला ओल, उशीला ओल, पोर श्वास घेते तोही ओला. चार महिने मी तिच्या चादरी शेगडीवर धरून वाळवल्या, त्र्यंबकराव, आणि तुम्ही मला विचारता की आणखी एक थर घालायचा का.

पाऊस जास्त झाला म्हणता? लोणावळ्यात नाही होणार तर कुठे होणार? नाही, पावसाला दोष देऊ नका. परवा मी वरची सगळी माती काढवली, आणि तुमचा कागद पाहिला. हा घ्या, हातात घ्या, भिऊ नका—खिळा आहे. तुमच्या माणसांनी कागदाला खिळे ठोकले आहेत! का, तर म्हणे घाटाचा वारा सुटला आणि कागद उडायला लागला. पाणी अडवायला जो कागद अंथरायचा, त्यालाच चाळणीसारखी भोकं पाडायची, वर माती लोटायची, आणि वरून आपल्या कंपनीची पाटी लावायची! अशानं ताट उडू नये म्हणून कुणी त्याला खिळा मारून जेवायला बसेल. हसू नका. मला हसू येत नाही.

बाग खाली अंगणातच का केली नाही? विचारलंत ते बरं झालं. केली होती. अबोली होती, दूर्वांची हिरवळ होती, डॉक्टर म्हणाले होते की तिला उघड्यावर बसवा, हिरवं पाहू द्या. पण हे शेजारी—हवा खायला येणारे, वर्षातून दोन महिने बंगला उघडणारे—कुंपणापाशी येऊन मला काय म्हणाले? 'आजी, त्यांना मागच्या बाजूला बसवता येईल का? मुलं खेळतात.' लिंबू-सरबत पिता पिता म्हणाले! म्हणून तर गच्चीवर माती चढवली. दोन बायका खुर्चीत बसवून तिला वर नेत, आणि ती तिथे राजमाचीकडे तोंड करून तास न् तास बसे. पावसाळा लागला तेव्हापासून ती वर गेलेली नाही.

क्षय आहे तिला. छातीचा विकार, अशक्तपणा—श्रीपादनं तुम्हाला काय सांगितलं असेल ते असो, त्याचं नाव क्षय आहे. श्रीपाद गणपतीला आला होता, एक रात्र राहिला. सकाळी म्हणाला, 'आई, तिचा खोकला मला ऐकवत नाही.' पहिल्या गाडीनं गेला. आता तिकडे त्याला मुलीसुद्धा दाखवताहेत म्हणे, हिचा श्वास चालू असताना—ते असो. तो तुमचा विषय नाही. तुमचा विषय डांबर.

तर डांबर नको. ते कढवायला लागलात की धूर खोलीभर होतो, तो तिला सोसणार नाही. आपला चुन्याचा कोबा करायचा. विटांचे तुकडे, भिजवलेला चुना, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपडत थापीनं ठोकायचं, लाकडी थापी टणकन उलटून येईपर्यंत. उतार पन्हळीकडे. वर गोट्यांचा थर, मग माती, आणि खोल मुळाचं एक झाड नाही. मला एकच काळजी होती—पंधरा दिवस डोक्यावर ती ठोकाठोक हिला कशी झेपावी? ठोकणाऱ्या बायकांची म्होरकी झुंबरबाई, कामशेतकडची, तंबाखू खाते आणि माझ्याच ओट्यावर थुंकते, मला तिची किळस येते. तिला स्पष्ट सांगितलं, घरात क्षय आहे, यायचं तर विचार करून या. तर म्हणते, 'आमी येतो की, बाई! आमी गानी म्हणत ठोकतो, तिचाबी जीव रमंल. आन् खोकली तरी आमच्या थापीत कुनाला ऐकू यायचं न्हाई.' अशी बेशरम बाई! मी आत जाऊन इंदिरेला सांगितलं, तर किती दिवसांनी हसली पोर. 'आई, त्यांनाच बोलवा,' म्हणाली. ठोकणं होईपर्यंत ती माझ्या खोलीत निजेल, देवघराला लागून. सोवळ्याचं माझं मी पाहीन.

तुम्ही चहा घेतला नाहीत. निवला. साय आली त्यावर. मघाशी ती आत खोकली, तेव्हापासून तुम्ही कप धरून बसला आहात आणि रुमाल नाकाशी नेलात—नाही, नका सांगू डांबराचा वास म्हणून, डांबर तुमच्या नाकाला रोजचं आहे. ठेवा तो कप. तिथेच. कुणी जबरदस्ती नाही केलेली.

पिशवी उचला. खिळाही न्या, साहेबांना दाखवा. आणि श्रीपादला निरोप द्या: म्हणावं, कोबा उद्यापासून सुरू होतोय. बायकोला पाहायला यायचं असलं तर ठोकणं चालू असतानाच ये. तेव्हा खोकला ऐकू येत नाही.

फाटक नीट लावून घ्या जाताना.