मंजूर होणारा आजार

इस्पितळातल्या विम्याच्या खिडकीपुढच्या रांगेत संशोधक बाई दुसऱ्या नंबरला उभ्या होत्या, वडिलांच्या ऑपरेशनचे कागद घेऊन. विम्याच्या नोंदींवरून दगडखाणीतल्या आजारांचा अहवाल त्यांनीच लिहिला होता. पुढे एक मावशी खिडकीशी हुज्जत घालत होत्या.

"साहेब, आमच्या घरधन्यांची फुप्फुसं दगडाच्या धुळीनं गेली. तुम्ही न्यूमोनिया लिहिलंत."

"मावशी, धुळीच्या आजाराला मंजुरी यायला महिना लागतो. न्यूमोनिया त्याच दिवशी पास होतो. तेव्हा हात जोडले होतेत की!"

"जोडले होते. पण आता खाणवाला अहवाल नाचवतोय. म्हणे एवढ्या नोंदी तपासल्या, धुळीनं कुणीच आजारी नाही. धुळीवर पाणी मारायचंही बंद केलं मेल्यानं."

"अहवाल काय आम्ही लिहिला?"

"ज्यानं लिहिला त्याला कळवा, यांची नोंद चुकलीय म्हणून."

"कुठली नोंद यांची, ते आता कुणाला कळणार? अहवालासाठी नोंदी नावं काढूनच देतात. तुमची माहिती फुटू नये म्हणून."

"वा! नाव काढलं, चूक तेवढी ठेवली."

"आणि एकट्याचं काय घेऊन बसलात? खाणीतल्या सगळ्यांचंच तसं लिहिलंय."

संशोधक बाईंच्या हातातले कागद चुरगळले.

"बरं, आज काय काम?"

"थोरल्या पोराला दाखल केलंय. तोही खाणीतच आहे. दम लागतोय, श्वास पुरत नाही."

"मग काय लिहू?"

मावशींनी पोराचे कागद खिडकीतून आत सरकवले.

"आज पास होतं ते लिहा."