भिंगकाकांनी काढायला सांगितलेले ठिपके

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या छापखान्याचे मालक, प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि केक कधी कापतात याकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी,

आज आपण आपले मुख्य मुद्रितशोधक, म्हणजे भिंगकाका, यांना निरोप देतो आहोत. काकांना बावीस वर्षांचा मधुमेह, म्हणून आपण केक आणला. त्यांचा डावा डोळा गेला, म्हणून ते दोन वर्षं आधीच घरी चाललेत. त्यांना भेट काय, तर शब्दकोश! तोही बारीक टाइपातला. ही निवड कोणत्या महाभागांनी केली? समितीत मीही होतो, तेव्हा फार खोलात शिरत नाही.

दरवर्षी आपल्याकडे आरोग्य तपासणी होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागायचा आणि काका शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. का नाही म्हणणार? तो तक्ता आपणच छापतो आणि त्याची प्रुफं काकांनीच तपासलेली! डॉक्टरसाहेब, हसू नका, ‘नजर उत्तम’ हा शेरा तुमच्याच अक्षरात आहे.

पण खरं सांगायचं तर डॉक्टर दरवर्षी बजावायचे, “तक्त्यावर जाऊ नका. साखरेनं डोळ्याचा पडदा आतून खराब होतो, सुरुवातीला काही म्हणजे काही कळत नाही. थेंब टाकून पडदा तपासून घ्या, वर्षातून एकदा.” काकूंनी पाच वेळा वेळ ठरवली. काकांचं उत्तर तयार, “थेंब टाकले की दुपारपर्यंत अक्षर दिसत नाही. तोवर पानं काय तू वाचणार?” आणि मालक, तुम्ही प्रेमानं म्हणायचात, “एवढा वार्षिक अहवाल तपासून हातावेगळा करा, मग खुशाल जा.” अहवाल काय, दरवर्षीच असतो.

मग एका सकाळी काकांनी प्रुफावर जागोजागी गोल काढले: ‘शाईचे ठिपके, काढा.’ मशीनवाल्या मामांनी तीनदा प्लेट पुसली. शेवटी कागद घेऊन वर आले, “अहो, ठिपका आहे कुठं?”

“मामा, तुम्हाला चष्मा लागलाय!”

आम्ही पोट धरून हसलो. मामा बिचारे खरंच जाऊन डोळे तपासून आले. काका नाही गेले. ठिपके कागदावर नव्हतेच, काकांच्या डोळ्याच्या आत रक्त पाझरत होतं. काका डॉक्टरांकडे गेले महिन्याभरानं, डाव्या डोळ्यापुढे अंधार आल्यावर. उजवा आता लेसर आणि इंजेक्शनांवर टिकवून धरलाय.

वेळ संपत आली. मालकांचे, डॉक्टरांचे, आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं तर माफी मागायची रीत आहे. मला दुसऱ्याच गोष्टीची मागायची आहे.

काकू, त्या ठिपक्यांच्या आधी काकांच्या नजरेतून सुटणाऱ्या चुका मी वर्षभर गुपचूप दुरुस्त करत होतो. आधी पानाला एक, मग चार, मग मोजणं सोडलं. वडीलधारा माणूस, कशाला दुखवा, असं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होतो. त्यातलं एक पान तुमच्या हाती दिलं असतं, तर तुम्ही यांना हाताला धरून ओढत नेलं असतं. डॉक्टर म्हणतात, तेव्हा डावा डोळाही वाचला असता.

मला माफ करा. आणि नाही करता आलं, तरी माझी तक्रार नाही.