वाटेतला देव

हसू नका बाई, पण हे माझ्याच हातून झालं. माझ्या सोळा सोमवारांतले शेवटचे चार राहिले होते आणि महादेवाच्या देवळाची पाऊलवाट वेड्या बाभळीनं पार बुजली. मग मी काट्यांच्या अलीकडच्या एका दगडालाच हळद-कुंकू लावायचे, बेल वाहायचे आणि देवळाकडं हात जोडून माघारी यायचे. उद्यापन मात्र देवळातच करायचं होतं. म्हणून त्या दिवशी सकाळीच शेजारच्या दगडूभाऊंना कुऱ्हाड घेऊन नेलं. दगड दिसताच त्यांनी चपला काढल्या.

"वहिनी, इथं देव हाय. मी न्हाई कुऱ्हाड लावणार."

बघते तर दगडाला कुणीतरी शेंदूर फासलेला, पुढं दोन नारळ!

"अहो भाऊ, वाट न्हाई म्हणून मीच तिथं बेल वाहत होते."

"मग तुमीच उठवा त्याला."

मी दगडाची माफी मागितली आणि त्याला पदरात घेतलं. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली, दगड नंदीशेजारी बसला आणि माझं उद्यापन पार पडलं. जीव कसा हलका झाला!

निघताना दगडूभाऊ म्हणाले, "वहिनी, आता घरी जाताना वाटेत कुठं हात जोडू नका!"