बोकडाच्या तपासाले हरकत

तुमी वकिलायले हसता, पण अशिलापुढं वकिलाचं काय चालते, ते ऐका.

तिवस्याकडचा गजानन माह्या अमरावतीच्या ऑफिसात आला. त्याच्या गावच्या सुधाकरभाऊचा बोकड चोरीले गेला होता. सुधाकरभाऊ थेट कोर्टात गेले आणि कोर्टानं पोलिसायले तपास कराले सांगितलं. गजाननले तो आदेश रद्द करून पाहिजे होता.

म्या म्हटलं, "अबे, तक्रार अज्ञात चोरावर आहे. तुह्यं नावच नाही, तं तुले हरकत घ्याचा हक्क कुठून आला?"

"ते मले माहीत नाही वकीलसायेब. काही बी करा, पण तपास थांबवा."

लय डोकं खाल्लं त्यानं. शेवटी वरच्या कोर्टात अर्ज टाकला.

जजसाहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अर्जदाराचा या प्रकरणाशी संबंध काय? तपास झाला तर याचं काय बिघडतं?"

मी उठेपर्यंत गजाननच बोलला, "सायेब, बिघडत कसं नाही? बोकड मीच कापला ना!"

म्या फायलीत तोंड खुपसलं. मागून सुधाकरभाऊ ओरडले, "पाहा सायेब, कबूल झाला!"

गजानन गर्रकन वळला. "तुमी काहून ओरडून राहिले भाऊ? माह्या पोराच्या जावळाच्या जेवणात मागून मागून रस्सा वरपला, तो कोणाच्या बोकडाचा होता?"

सुधाकरभाऊ मटकन खाली बसले. मंग हळूच सरकत माह्याजवळ आले आन् कानात म्हणाले, "वकीलसायेब, त्या अर्जात माह्यं बी नाव टाकता येईन का?"